पुस्तक स्वतः छापावे की प्रकाशकास द्यावे?

आमच्या पेढीवर येणाऱ्या एका बुजुर्ग जॉबरचाचांनी चाळीस वर्षे यंत्रमाग दुरुस्त केले. मागाचा कोणता बिघाड कापडावर कसा उमटतो आणि तो कसा काढावा, हे त्यांनी दोन वह्यांत लिहून ठेवले आहे. परवा त्या वह्या पुढे ठेवून त्यांनी विचारले, "सेठ, पुस्तक प्रकाशकाला द्यावे, की साठवलेल्या साठ हजारांतून आपणच छापावे?"

प्रश्न पुस्तकाचा असला तरी हिशेब आपल्या धंद्याचाच आहे. प्रकाशकास पुस्तक देणे म्हणजे मजुरीवर कापड विणणे. सूत व्यापाऱ्याचे, तेजीमंदी त्याची, विणकराला ठरलेली मजुरी. स्वतः छापणे म्हणजे स्वतःचे सूत घेऊन माल काढणे. नफा आपला आणि पडून राहिलेला मालही आपलाच.

आता आकडे मांडू. समजा, ५०० प्रती काढल्या. छपाई व बांधणी प्रतीमागे ८० रुपये, म्हणजे ४०,०००. अक्षरजुळणी, मुद्रितशोधन व मुखपृष्ठ यांचे १५,०००. एकूण ५५,०००. किंमत ठेवली २०० रुपये. दुकानदाराने ४० टक्के कमिशन कापले तर हाती १२० येतात. म्हणजे ४५९ प्रती खपल्यावर मुद्दल सुटते आणि सर्व ५०० खपल्या तरी नफा फक्त ५,०००. याच पुस्तकावर प्रकाशकाने १० टक्के मानधन दिले, तर ५०० प्रतींचे १०,००० मिळतात, तेही एक पैसा न गुंतवता! मात्र त्याच प्रती स्वतः थेट गिऱ्हाइकाला विकल्या तर २७५ प्रतींत मुद्दल वसूल होते आणि सर्व खपल्यास ४५,००० उरतात.

तात्पर्य, ज्याचे गिऱ्हाईक स्वतःचे आहे त्यानेच स्वतः छापावे. दुकानाच्या भरवशावर छापणाऱ्याने प्रकाशकाकडे जावे. मुन्शी प्रेमचंद यांनी १९२३ साली बनारसला स्वतःचा सरस्वती प्रेस काढला. प्रेस तोट्यात गेला, मासिकाचाही बोजा पडला, आणि १९३४ साली त्यांना सिनेमाच्या नोकरीसाठी मुंबईस यावे लागले. लेखणी थोर असली तरी धंद्याचा हिशेब सुटत नाही.

तिसरा एक प्रकार आहे, त्यापासून सावध राहावे. काही जण लेखकाकडूनच छपाईचे पैसे घेतात, हक्कही लिहून घेतात आणि प्रती लेखकाच्या घरी आणून टाकतात. हे प्रकाशन नव्हे, ही छपाईची ठेकेदारी आहे. पैसा आपला असेल तर हक्कही आपल्याकडेच राहिला पाहिजे.

प्रकाशकाशी करार तोंडी करू नये. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्क देण्याचा करार लेखी व सहीचा लागतो. त्यात कोणते हक्क, किती मुदतीसाठी, कोणत्या प्रदेशासाठी आणि मानधन किती, हे स्पष्ट असावे. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते. लेखकाचा हक्क त्याच्या हयातीत आणि पश्चात साठ वर्षे चालतो. म्हणजे ती वारसांची मिळकत आहे, दोन-चार हजारांत कायमची विकू नये.

स्वतः छापणाऱ्याने आयएसबीएन क्रमांक घ्यावा. दिल्लीतील राजा राममोहन रॉय संस्थेकडून तो विनामूल्य मिळतो. तसेच १९५४ च्या कायद्यानुसार पुस्तक निघाल्यापासून तीस दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयास व ठरलेल्या इतर ग्रंथालयांस प्रती पाठवणे ही आता आपली जबाबदारी होते. हल्ली मागणीनुसार थोड्या प्रतीही छापून मिळतात. दर प्रतीमागे जास्त पडतो, पण माल अंगावर राहत नाही.

आम्ही चाचांना सांगितले, "साठ हजारांना आत्ताच हात लावू नका. ज्यांचे माग तुम्ही दुरुस्त केले त्या मालकांकडे आधी जा. पावणेतीनशे जणांनी आगाऊ पैसे देऊन नाव नोंदवले तर स्वतः छापा. नाही जमले तर प्रकाशकास द्या, त्यात कमीपणा नाही."

चाचांनी तिसरी वही घेतली आहे. पहिल्या आठवड्यात तीत बासष्ट नावे आली.