मुंबईच्या विहिरी आणि स्टीफेन्सी डास

हिंवतापाचा डास दलदलींतच वाढतो, हा समज मुंबई शहराच्या बाबतींत खरा नाहीं. तेथील भरवस्तींत हा रोग पसरविणारा डास ‘अ‍ॅनोफिलीस स्टीफेन्सी’ होय. लिस्टन यांनीं इ. स. १९०१ मध्यें त्याचें वर्णन केलें. त्यास सांठविलेलें स्वच्छ पाणी मानवतें. रोगाचें मूळ घरोघरच्या विहिरींत व टांक्यांत आहे, असें डॉ. बेंटली यांनीं इ. स. १९११ च्या अहवालांत दाखविलें.

विहिरी बुजवाव्या किंवा झांकाव्या, हा उपाय उघड होता. परंतु धर्मकृत्यांस विहिरीचेंच पाणी हवें, म्हणून हिंदू व पारशी गृहस्थांनीं हरकत घेतली. कांहीं ठिकाणीं झांकणास जाळीचें दार ठेवून तडजोड झाली. हा विरोध निव्वळ हट्ट म्हणून सोडून देणें आम्हांस रास्त वाटत नाहीं. विहारचें नळाचें पाणी शहरांत येऊन तेव्हां जेमतेम पन्नास वर्षें झालीं होतीं.

हाच डास इ. स. २०१२ मध्यें आफ्रिकेंतील जिबूती येथें आढळला. त्या वर्षीं तेथें हिंवतापाचे २७ रुग्ण नोंदले होते, इ. स. २०२० मध्यें ते ७३ हजारांवर गेले. पुढें तो इथिओपियांतहि पसरला. तेथेंहि पिंपें, टांक्या व बांधकामावरील हौद हींच त्याचीं स्थानें. तो सायंकाळीं, घराबाहेरहि चावतो. सबब नुसत्या मच्छरदाणीनें भागत नाहीं. अंड्याचा डास होण्यास उष्ण हवेंत सुमारें आठवडा-दीड आठवडा लागतो. तेवढ्या अवधींत हौद एकदां कोरडा झाला पाहिजे. मुंबईंत गच्चीवरील टांकीस घट्ट झांकण व तपासणीसाठीं शिडी लागते, ती याचसाठीं.