सरकारी गुपितें व मंत्र्यांची जबाबदारी

राज्यकर्त्यांच्या हातीं दोन प्रकारचीं गुपितें असतात. पहिलें राज्याचें स्वतःचें : उद्यांचा कर, परराष्ट्राशीं चाललेली बोलणीं, सैन्याची हालचाल. दुसरें प्रजेचें, तें प्रजेनें विश्वासानें किंवा कायद्याच्या सक्तीनें सरकारच्या हवालीं केलेलें असतें. कोणाचें उत्पन्न किती, कोणाचें खातें कोणत्या बँकेंत, कोणाच्या घरीं मुलें किती व त्यांच्या जन्मतिथि कोणत्या, ही सर्व माहिती आज सरकारदप्तरीं नोंदलेली असते. पूर्वीं हीं दप्तरें रुमालांत बांधून ठेवीत; एखादें चोरावयाचें तर चोराला तें डोक्यावरून वाहून न्यावें लागे. आतां सबंध राष्ट्राची माहिती सदऱ्याच्या खिशांत मावते. म्हणून ती हरवली अगर फुटली तर उत्तर कोणीं द्यावयाचें, हा प्रश्न केवळ राजकारणी पुरुषांचा राहिला नसून प्रत्येक कुटुंबाचा झाला आहे.

आपल्याकडे हा विचार नवा नाहीं. म्हैसूरच्या शामशास्त्री यांनीं १९०९ सालीं छापून प्रसिद्ध केलेल्या कौटिलीय अर्थशास्त्रांत मंत्ररक्षणाचें स्वतंत्र प्रकरण आहे. मसलतीची जागा पक्ष्यांच्याहि दृष्टीस पडूं नये अशी असावी, कारण पोपट, मैना, कुत्रीं यांनींहि मसलत फोडल्याचें ऐकिवांत आहे, असें आचार्य बजावतात. वाचक येथें हंसतील. परंतु पुढील विचार मार्मिक आहे. मसलत कोणाकडून फुटते हें सांगतांना त्यांनीं दूत व अमात्य यांच्या जोडीस प्रत्यक्ष स्वामीलाहि बसविलें आहे, आणि प्रमाद, मद, झोपेंतील बडबड हीं कारणें मोजलीं आहेत. म्हणजे गुपित फुटलें कीं संशयाचें बोट प्रथम शिपायाकडे वळवावें, ही पद्धति त्यांस मान्य नव्हती. जो सिंहासनाच्या जितका जवळ, त्याच्याकडून धोका तितका मोठा, हें त्यांनीं ओळखलें होतें.

ह्या कसोटीवर आम्ही इंग्लंडांतील तीन प्रसंग पाहूं इच्छितों. तोच देश घेण्याचें कारण असें कीं, मंत्र्यानें लोकप्रतिनिधींच्या सभेला जबाबदार असावें ही आपल्या राज्यपद्धतींतील कल्पना पुष्कळ अंशीं तेथूनच आली आहे. नमुन्याचें काय झालें हें पाहिल्यास प्रतिकृतीविषयीं सावध राहतां येतें.

पहिला प्रसंग १२ नोव्हेंबर १९४७ चा. हिंदुस्थान स्वतंत्र होऊन तीन महिनेहि पुरे झाले नव्हते. ॲटली यांच्या मंत्रिमंडळांतील अर्थमंत्री ह्यू डाल्टन हे त्या दुपारीं पुरवणी अंदाजपत्रक मांडण्यासाठीं सभागृहाकडे चालले होते. वाटेंत 'स्टार' नांवाच्या लंडनच्या सायंदैनिकाचे वार्ताहर जॉन कार्व्हेल भेटले. डाल्टन यांनीं जातां जातां चार वाक्यांत बिअर, शर्यतींवरील व फुटबॉलवरील पैजा, नफ्यावरील कर इत्यादि मुख्य गोष्टींची कल्पना त्यांस दिली. भाषण त्या मुद्द्यांपर्यंत पोंचण्यापूर्वींच ती बातमी छापून थोड्या प्रति रस्त्यावर आल्या, आणि शेअर बाजार तर त्या वेळीं उघडाच होता. दुसऱ्या दिवशीं सभागृहांत प्रश्न निघाला. डाल्टन यांनीं आढेवेढे न घेतां चूक कबूल केली, क्षमा मागितली, आणि त्याच दिवशीं राजीनामा दिला. त्यांची जागा सर स्टॅफर्ड क्रिप्स यांनीं घेतली. १९४२ सालीं वाटाघाटींसाठीं येथें आलेले तेच हे गृहस्थ. पुढें सभागृहाच्या समितीनें चौकशी केली; त्या बातमीवर बाजारांत कोणीं पैसा केल्याचें आढळलें नाहीं. तरीहि राजीनामा फुकट गेला असें कोणी म्हटलें नाहीं. डाल्टन १९४८ सालीं दुसऱ्या पदावर मंत्रिमंडळांत परतले. म्हणजे चुकीचें प्रायश्चित्त घेतल्यानें माणूस कायमचा बुडतो, असेंहि नाहीं.

दुसरा प्रसंग बरोबर साठ वर्षांनंतरचा. महिना नोव्हेंबरच, पदहि अर्थमंत्र्याचेंच. मुलांच्या संगोपनासाठीं तेथें सरकार प्रत्येक कुटुंबास कांहीं साहाय्य देत असे. त्याचा हिशेब महसूल व जकात खात्याकडे होता. १८ ऑक्टोबर २००७ रोजीं त्या खात्याच्या एका कनिष्ठ नोकरानें सबंध यादी दोन तबकड्यांवर उतरून साध्या टपालानें लेखापरीक्षण कार्यालयाकडे धाडली. पाकिटाची नोंद केलेली नव्हती, आणि तबकडीवरील मजकूर परवलीच्या शब्दापलीकडे सांकेतिक लिपींत दडविलेला नव्हता. तबकड्या पोंचल्या नाहींत. त्या अखेरपर्यंत सांपडल्या नाहींत. त्यांवर सुमारें २ कोटी ५० लाख माणसांचीं, म्हणजे ७२ लाख ५० हजार कुटुंबांचीं नांवें, पत्ते, जन्मतारखा, विम्याचे क्रमांक व पुष्कळांच्या बँकखात्यांचा तपशील होता. लेखापरीक्षकांना बँकेचा तपशील नकोच होता व तसें त्यांनीं पूर्वींच कळविलें होतें; परंतु तो वेगळा काढण्यास जादा खर्च पडेल म्हणून सगळेंच धाडण्यांत आलें! अर्थमंत्री ॲलिस्टर डार्लिंग यांना १० नोव्हेंबरला कळलें. सभागृहाला त्यांनीं २० नोव्हेंबरला सांगितलें. मध्यंतरींचा काळ बँकांना खात्यांवर पहारा बसवितां यावा म्हणून घेतला, असा त्यांचा खुलासा होता, आणि त्यांत तथ्य नव्हतें असें आम्ही म्हणत नाहीं. त्या दिवशीं खात्याचे मुख्य अधिकारी पॉल ग्रे यांनीं पद सोडलें. मंत्री जागेवर राहिले, ते २०१० पर्यंत.

येथें लक्षांत घेण्यासारखी गोष्ट अशी कीं, प्रथम सर्व दोष त्या कनिष्ठ नोकराच्या नियमभंगावर घालण्यांत आला. पुढच्या वर्षीं कीरन पॉइंटर यांच्या चौकशीचा अहवाल प्रसिद्ध झाला तेव्हां निराळेंच दिसलें. माहिती कशी जपावी याचें शिक्षण नोकरांना नीट दिलेलें नव्हतें, नियम स्पष्ट नव्हते, आणि वरिष्ठांच्या दृष्टीनें सुरक्षितपणा हा महत्त्वाचा विषयच नव्हता. पाकिटावर पत्ता कारकुनानें लिहिला खरा; पण तें तसें जाऊं देणारी व्यवस्था वर बसलेल्यांची होती.

तिसरा प्रसंग अधिक गंभीर, कारण त्यांत माणसांचे प्राण गुंतले होते. अफगाणिस्थानांत ब्रिटिश सैन्याला साहाय्य करणाऱ्या अनेकांनीं तालिबानचें राज्य आल्यावर ब्रिटनकडे आश्रय मागितला. फेब्रुवारी २०२२ मध्यें संरक्षण खात्यांतील एकानें अशा अर्जदारांचा संगणकावरील तक्ता ईमेलनें बाहेर धाडला. त्यांत सुमारें दीडशें नांवें आहेत अशी त्याची समजूत होती. प्रत्यक्षांत जवळजवळ १९ हजार अर्जदारांची माहिती होती. दीड वर्ष कोणास पत्ता नव्हता. ऑगस्ट २०२३ मध्यें त्यांतील कांहीं भाग फेसबुकवर दिसला, तेव्हां खातें जागें झालें. सरकार न्यायालयांत गेलें, आणि १ सप्टेंबर २०२३ रोजीं असा मनाईहुकूम मिळाला कीं, ही बातमी तर छापूं नयेच, पण असा मनाईहुकूम आहे हेंहि कोणीं बोलूं नये. हा पडदा १५ जुलै २०२५ ला दूर झाला. तोंवर ह्या लोकांपैकीं कांहींना ब्रिटनमध्यें आणण्याची गुप्त योजना सुरू होऊन तिच्यावर सुमारें ४० कोटी पौंड खर्च झाले होते. मूठभर व्यक्ति सोडल्यास लोकप्रतिनिधींना ह्या खर्चाची वार्ता नव्हती. आणि मधल्या काळांत, ४ जुलै २०२४ रोजीं, सार्वत्रिक निवडणूकहि होऊन गेली! मतदारांनीं कौल दिला तो ही गोष्ट ठाऊक नसतां. पडदा उघडल्यावर नव्या सरकारचे संरक्षणमंत्री जॉन हीली यांनीं सभागृहांत क्षमा मागितली. ह्या कारणासाठीं मंत्रिपद मात्र कोणीहि सोडलें नाहीं.

आरंभींची गुप्तता समर्थनीय होती, हें कोणीहि विचारी मनुष्य मान्य करील. शत्रूच्या हातीं यादी पडूं नये म्हणून कांहीं आठवडे, फार तर कांहीं महिने, मौन पाळणें हें कर्तव्यच. परंतु जें मौन प्रजेच्या रक्षणार्थ सुरू होतें तें मंत्र्यांच्या रक्षणार्थ केव्हां वापरलें जाऊं लागतें, हें बाहेरच्यांस कसें कळावें? चूक करणारा व ती झांकण्याचा अधिकार असणारा एकच असला, म्हणजे पंच आणि वादी एकाच आसनावर बसतात.

तीन प्रसंग शेजारीं ठेवले असतां उतरण स्पष्ट दिसते. पहिल्यांत मंत्र्याच्या तोंडून चार शब्द गेले, प्रत्यक्ष नुकसान आढळलें नाहीं, आणि मंत्री एका दिवसांत गेला. दुसऱ्यांत निम्म्या राष्ट्राची नाही म्हटली तरी तिसऱ्या हिश्श्याहून अधिक प्रजेची माहिती हरवली, आणि अधिकारी गेला. तिसऱ्यांत हजारों जीव टांगणीस लागले, आणि जवळजवळ दोन वर्षें प्रश्न विचारण्याचीच बंदी झाली. अपराधाचें वजन वाढत गेलें, उत्तर देणारा मात्र लहान लहान होत गेला.

यावर एक आक्षेप येतो. डाल्टन यांची चूक त्यांची स्वतःची होती. हजारों नोकरांपैकीं एकानें कोठें पाकीट टाकलें यासाठीं मंत्र्यानें कां जावें? तसें केल्यास कोणी मंत्रीच उरणार नाहीं. आक्षेप पोकळ नाहीं, आणि प्रत्येक चुकीस राजीनामा हवा असा आमचाहि आग्रह नाहीं. परंतु राजीनामा व उत्तरदायित्व ह्या दोन गोष्टी भिन्न आहेत. एकत्र कुटुंबांत कोठाराची किल्ली धाकट्या सुनेकडे असली तरी धान्य कमी भरल्यास चार भावांपुढें हिशेब कर्त्यालाच द्यावा लागतो. "मला ठाऊक नव्हतें" हें त्याच्या तोंडीं शोभत नाहीं; कारण ठाऊक असणें हाच त्याचा अधिकार. शाळेंतील प्रश्नपत्रिका फुटली तर एकट्या शिपायास दाराबाहेर घालून मुख्याध्यापक सुटूं शकत नाहींत, हें आम्ही शिक्षक लोक चांगलें जाणतों.

हें तत्त्व आपल्या देशांतहि स्पष्टपणें सांगितलें गेलें आहे. आयुर्विमा महामंडळाचा पैसा मुंदडा यांच्या कंपन्यांत गुंतविल्याच्या प्रकरणीं १९५८ सालीं मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ति महंमद करीम छागला यांनीं उघड चौकशी केली. सचिवाच्या कृतीची जबाबदारी मंत्र्यानें घेतलीच पाहिजे, ती झटकतां येत नाहीं, असा त्यांचा अभिप्राय पडला, आणि अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांनीं पद सोडलें. तेथें प्रश्न पैशाचा होता. पण प्रजेची माहिती ही पैशाहून कमी मोलाची ठेव नव्हे. पैसा भरून देतां येतो, जन्मतारीख व बोटांचे ठसे बदलून देतां येत नाहींत.

आतां आपला कायदा पाहूं. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा अधिनियम २०२३ सालीं संमत झाला व त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्यें प्रसिद्ध झाले. माहिती जपण्यांत कसूर केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे, हें उत्तम. परंतु केंद्र सरकार अधिसूचना काढून आपल्या संस्थांना ह्या कायद्यांतून वगळूं शकतें. दंड जमा होतो तो सरकारी तिजोरींत. म्हणजे एखाद्या खात्यास दंड झालाच तर पैसा एका खिशांतून दुसऱ्या खिशांत जाणार, आणि ज्याची माहिती फुटली त्यास भरपाई देण्याची तरतूद ह्या कायद्यांत नाहीं. मंत्र्याच्या जबाबदारीविषयीं तर कायदा मुकाच आहे. उलट नोकराचा हात गुपितास लागला तर १९२३ सालचा, इंग्रजांच्या अमदानींतला, सरकारी गुपितांचा कायदा आजहि त्याच्या मानेवर आहे.

आमच्या मतें तीन गोष्टी तरी मागितल्या पाहिजेत. माहिती फुटल्यास ठराविक मुदतींत ती गोष्ट विधिमंडळास कळलीच पाहिजे. जीवितास धोका असेल तेथें निदान सर्व पक्षांच्या निवडक सभासदांस गुप्तपणें तरी. चौकशी खात्याबाहेरच्या माणसानें करावी व तिचा अहवाल छापला जावा. आणि चूक मंत्र्याच्या स्वतःच्या हातची असेल, किंवा ती त्यानें स्वतःच्या बचावासाठीं झांकली असेल, तर त्यानें डाल्टन यांच्याप्रमाणें खुर्ची रिकामी करावी.

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं कोणी ना कोणी सरकारी नोकरींत असेल. उद्यां एखादी यादी हरवली म्हणजे प्रथम त्यालाच पुढें उभें केलें जाईल. त्याला न्याय मिळावा अशी इच्छा असेल, तर त्याच्या वर बसलेल्यांस प्रश्न विचारण्याची संवय आजपासूनच लावून घेतली पाहिजे.