स्टार्टरच्या पेटीतला गोंगाट



गटागटांत फिरताना आम्हाला हल्ली एक तक्रार वारंवार ऐकू येते. विहिरीवर मोबाईलचा ऑटो बसविला, पण मोटर मधूनच बंद पडते. विहीर भरलेली असते आणि कार्ड म्हणते, पाणी नाही. मग रात्रीच्या लाईटला बॅटरी घेऊन पुन्हा काठावर जाणे आले. साप-किरडाची भीती वेगळीच.

दोष दरवेळी व्होल्टेजचा नसतो. पेटीतला कॉन्टॅक्टर सुटताना ठिणगी पडते व तिचा धक्का शेजारच्या तारांत शिरतो. सौर पंपाचा कंट्रोलर तर सेकंदाला हजारो वेळा वीज जोडतो-तोडतो. टूजीवर चालणारे मोबाईल कार्ड बोलताना सेकंदाला सुमारे २१७ झटके घेते, तेही २ अँपिअरपर्यंतचे. पाण्याच्या सेन्सरचा निरोप या गोंगाटापुढे अगदीच दुबळा.

यावरचा खरा इलाज कार्डाच्या हिरव्या पाटीवरच असतो. पाटाचे पाणी वाफ्यात जिरले की संपले. वीज मात्र निघाली तिथे परत येतेच. जाणारी नि येणारी वाट यांच्यामध्ये जेवढी मोकळी जागा सुटेल, तेवढी ती वाट अँटेनासारखी गोंगाट फेकते आणि ओढूनही घेते. म्हणून जाणकार माणूस तांब्याच्या पट्ट्यांखाली तांब्याचाच अखंड थर ठेवतो, त्याला मध्ये चीर पाडत नाही. परतीची वीज मग पट्टीच्या बरोबर खालून येते. प्रत्येक चिपच्या पायाशी ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावतात, जशी बांधावरची छोटी टाकी. पाटी बिघडवून वर पत्र्याची पेटी चढविणे हे आमच्या मते उलटे काम.

पत्र्याची गरज कुठे पडते ते जुन्नर तालुक्यात पाहावे. तोही उसाचाच मुलूख. खोडदला प्रा. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची रेडिओ दुर्बीण उभी राहिली, सुमारे २५ किलोमीटरच्या टापूत. आकाशातून येणारा निरोप इतका क्षीण, की विजेच्या तारांवरच्या ठिणग्याही आड येतात. म्हणून तिथली यंत्रे धातूच्या आवरणात ठेवतात आणि तबकड्यांचे निरोप काचेच्या तंतूंतून आणतात. त्या तंतूला विजेचा गोंगाट लागत नाही.

आपल्या पेटीला एवढे नको. सेन्सरची वायर मोटरच्या केबलबरोबर एकाच पाईपातून नेऊ नये. ओलांडायचीच तर काटकोनात ओलांडावी. पीळ दिलेली, जाळीची वायर घ्यावी व जाळी कार्डाच्या बाजूला अर्थ करावी. कॉइलच्या व्होल्टेजला चालणारा स्नबर वायरमनकडून कॉइलवर लावून घ्यावा. अर्थिंगचा खड्डा कोरडा पडू देऊ नये. पेटी उघडण्याआधी मेन स्विच बंद, हे सांगायला नकोच.

नवे कार्ड घेताना झाकण काढून दाखवायला सांगा. रिले एका टोकाला व चिप दुसऱ्या टोकाला आहे का, ते बघा. मग सेन्सर जोडून दुकानदारासमोर मोटर वीस वेळा चालू-बंद करून घ्या. पैसे त्यानंतर मोजा.