सोनं नव्हे, कथील

बडोद्याच्या मावशीकडे संखेड्याचा झोपाळा होता. मरून दांड्यांवर सोनेरी वेलबुट्टी. दुपारी सगळे झोपले की मी नखाने ते सोनं खरवडायचे. कधीच निघालं नाही. गेल्या वर्षी त्याच दिवाणखान्यात टीपॉय आला, कातीव पायांचा, वर जाड काच. त्याने मला पुन्हा संखेड्याच्या मागे लावलं.

ओरसंग नदीकाठच्या संखेडा या गावाचं नाव ‘संघाडो’वरून, म्हणजे कातकामाच्या यंत्रावरून पडलं, असं सांगतात. सतराव्या शतकात फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनीचा जॉर्ज रोक गुजरातेत वावरत होता. अहमदाबादची कापडछपाई त्याने १६७८ साली इतकी बारकाईने टिपली, की वस्त्रांचे अभ्यासक आजही त्या पानांकडे वळतात. संखेड्याच्या खराद्यांचा, म्हणजे कातकाम करणाऱ्यांचा, आणि त्यांच्या लाखकामाचा उल्लेखही त्याच्याच लिखाणात येतो. रोक हौशी प्रवासी नव्हता. हिंदुस्थानात व्यापार कसा करावा, हे कंपनीच्या माणसांसाठी तो लिहून ठेवत होता. म्हणून मला त्याचा भरवसा वाटतो: माल पारखणाऱ्याच्या नजरेत हे गाव भरलं होतं.

आणि ते सोनं? ते कथील आहे. कथलाचा वर्ख सरसात खलून त्याने नक्षी काढतात, अकीक दगडाने घोटतात. मग फिरत्या लाकडावर लाखेची कांडी टेकवतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते, केवड्याच्या पानाने ती सारखी पसरते. लाखेच्या पिवळसर थराखालून पांढरं कथील सोनेरी दिसू लागतं. माझं नख त्या थरावरच थांबत होतं.

काचेने परंपरा बिघडवली, असं अनेक जाणकार म्हणतात. मला ते अजिबात पटत नाही. टेबलाच्या पायाचा माथा चौकोनी ठेवतात, कारण आडव्या पट्ट्यांच्या कुसवांसाठी त्यात खोबणी पाडायच्या असतात. वर फळी आली की तो माथा झाकला जातो. शिवाय स्क्रूने आवळलेली फळी सांगाड्याला ताठ धरते. सैल सांधाही त्यात खपून जातो. काच अशी मदत करत नाही. टफन केलेल्या काचेला नंतर भोकही पाडता येत नाही. पावसाळ्यात लाकूड फुगतं, काच फुगत नाही. म्हणून ती रबराच्या गुंड्यांवर नुसती टेकवतात. सांगाडा ताठ ठेवायची सारी जबाबदारी सांध्यांवर येते, आणि ते सांधे दिवाणखान्यात बसणाऱ्या प्रत्येकाला दिसतात. कातीव पायाची इतकी कडक परीक्षा फळीने कधी घेतली नव्हती.

मावशीकडच्या टीपॉयची काच आम्ही दोघांनी धरून उतरवली. एका कोपऱ्यात कुसू अर्धवट बसलेलं, फट लांबीने बुजवलेली. उरलेले तीन सांधे घट्ट होते, लाख थेट माथ्यापर्यंत चढवलेली. विकत घेताना कुणी वरून नीट पाहिलंच नव्हतं.

तुम्ही घ्यायला जाल तेव्हा काच उतरवून मागा, आणि नुसता सांगाडा हलवून बघा.