आईबापांची भाषा आणि मुलांची शाळा

मुलाची शाळेंतील प्रगति आईबापांच्या विद्येवर अवलंबून असते, असा आपल्या सुशिक्षित घरांतून सर्वसाधारण समज आहे. तो अगदींच खोटा नाहीं. ज्या घरीं आजोबा पाढे म्हणवून घेतात, काकू शुद्धलेखन तपासतात आणि थोरला भाऊ त्रैराशिक समजावून देतो, त्या घरचें मूल शाळेच्या पायरीवर अर्धें शिकूनच येतें. परंतु या समजुतीच्या पोटीं दुसरी एक समजूत जन्मते व ती मात्र घातक आहे. ती अशी कीं, ज्या आईबापांस शाळेची भाषा येत नाहीं, त्यांच्यापाशीं मुलास देण्यासारखें कांहींच नसतें.

या प्रश्नाचा विचार करण्यास आम्हां वर्धा जिल्ह्यांतील लोकांस दूर जावयास नको. २०११ च्या खानेसुमारीप्रमाणें जिल्ह्यांत शेकडा ११ हून अधिक लोक आदिवासी आहेत. त्यांत गोंड पुष्कळ, आणि कोलामांचीं लहान लहान पोडें. कित्येक गोंड घरांतून आतां मराठीच चालते हें खरें. पण जेथें गोंडी किंवा कोलामी अजून चुलीपाशीं बोलली जाते, तेथें ती मराठीची बोली नव्हे. या दोन्ही भाषा द्राविडी कुळांतल्या. मराठीशीं त्यांचें नातें शेजाराचें, रक्ताचें नाहीं. आपलें पाणी तें गोंडी मुलाचें 'येर', आपलें घर तें त्याचें 'रोन'. कॅलिफोर्निया विद्यापीठांतील भाषापंडित मरे एमेनो यांनीं वर्धा भागांतील कोलामीचें व्याकरण १९५५ सालीं प्रसिद्ध केलें. सातासमुद्रांपलीकडील पंडितास जी ग्रंथाच्या योग्यतेची वाटली, तिला भाषा म्हणावयासहि आमच्यांतील पुष्कळजण अजून तयार नाहींत.

असें मूल पहिल्या इयत्तेंत येऊन बसतें. गुरुजी बोलतात तें त्यास कळत नाहीं, आणि त्यास कळत नाहीं हें गुरुजींस कळत नाहीं. महिन्या दोन महिन्यांत 'मूल मंद आहे' असा शेरा ठरून जातो. मग बापास बोलावून सांगण्यांत येतें, 'घरीं मुलाशीं मराठींतच बोलत जा.' सल्ला सद्धेतूनेंच दिलेला असतो. पण त्याचा परिणाम काय होतो तो पाहा. आईची मराठी बाजारापुरती. मीठ, तेल, भाव, उधारी, एवढ्यांत ती संपते. स्वतःच्या भाषेंत मात्र ती मुलास रानांतल्या झाडांचे गुण सांगते, आजीच्या कहाण्या सांगते, असें केलेंस तर तसें होईल म्हणून बजावते, रागें भरते आणि समजूतहि घालते. मराठीच्या आज्ञेसरशीं हें सारें बंद पडून 'ये, जा, खा, नीज' एवढेंच उरतें. मुलाची बुद्धि ज्या बोलण्यावर पोसावयाची, त्या बोलण्याचाच आपण दुष्काळ पाडतों. वस्तुतः ज्यास आपल्या भाषेंत वजाबाकी समजली, त्यास ती मराठींत दुसऱ्यांदा समजावून द्यावी लागत नाहीं. केवळ नांवें नवीं शिकवावीं लागतात. (मराठी घरांतहि हा प्रकार थोड्या अंशानें आहेच. 'काऊन' म्हणणाऱ्या पोरास 'कां' लिहावयास शिकवावें हें योग्य. पण 'काऊन' म्हणजे अडाणीपणा, असें शिकवूं नये.)

ज्या वाचकांस हा प्रश्न परक्यांचा वाटेल, त्यांनीं आपल्या अमेरिकेंतील नातवंडांकडे पाहावें. 'घरीं इंग्रजीच बोला' हा उपदेश तेथें परभाषी आईबापांस पुष्कळ वर्षें होत आला. आपल्या कित्येक मुलासुनांनीं तो ऐकला, आणि आज नातू आजीशीं टेलिफोनवर दोन शब्दांपलीकडे बोलूं शकत नाहीं. आपल्या मंडळींस इंग्रजी येत होतें म्हणून मुलांचा अभ्यास तरी बुडाला नाहीं. मेक्सिको वगैरे देशांतून मोलमजुरीसाठीं आलेल्या स्पॅनिशभाषी आईबापांची गोष्ट निराळी; त्यांची अवस्था आपल्या कोलामासारखीच. १९७४ सालीं सॅन फ्रान्सिस्कोच्या चिनी मुलांच्या खटल्यांत तेथील सर्वोच्च न्यायालयानें असें ठरविलें कीं, न कळणाऱ्या भाषेंत सर्वांस सारखेंच शिकविणें म्हणजे समान वागणूक नव्हे. पुढें ॲरिझोनांतील टूसॉन शहरीं लुइस मोल व त्यांचे सहकारी यांनीं एक साधा पण विलक्षण उपक्रम केला. त्याची हकीकत १९९२ सालीं प्रसिद्ध झाली. मेक्सिकन मुलांच्या घरीं शिक्षक गेले, तें उपदेश करावयास नव्हे, शिकावयास. शेती, जनावरें, घरबांधणी, झाडपाल्याचीं औषधें, देवघेव यांचें केवढें ज्ञान त्या घरांत आहे हें त्यांनीं टिपून घेतलें व त्यावर वर्गांतील पाठ रचले.

हें वाचून वर्धेकरांस आपल्याच गांवची आठवण व्हावयास हवी. १९३७ च्या ऑक्टोबरांत गांधींच्या अध्यक्षतेखालीं वर्ध्यास शिक्षणपरिषद भरली. सात वर्षांचें शिक्षण, तें मातृभाषेंतून व हस्तोद्योगाच्या द्वारें, असें तिनें ठरविलें, आणि डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीनें त्याचा अभ्यासक्रम आंखला. १९४५ सालीं सेवाग्रामच्या परिषदेंत या नयी तालीमीची व्याप्ति सबंध आयुष्याएवढी करून प्रौढांचें शिक्षणहि तींत घेतलें. चरख्यांतून सारे विषय निघतात हें मला कधींच पटलें नाहीं, आणि ती योजना कां मागें पडली याचा शोध घेण्याचें हें स्थळ नव्हे. तथापि निरक्षर बापाच्या हातांतील विद्या शाळेच्या कामाची आहे, हा विचार टूसॉनच्या आधीं अर्धशतक आमच्या पंचक्रोशींत बोलला गेला होता.

तो व्यवहारांत कसा उतरतो याचें एक उदाहरण सांगतों. एका शाळेच्या पालकसभेस आलेला कोलाम बाप दाराशींच उकिडवा बसला होता. 'अभ्यास घेतां का मुलाचा?' या प्रश्नास त्याचें उत्तर एकच: 'आमाले काय समजते जी गुरुजी!' दुसऱ्या एका जाणत्या शिक्षकानें मग विषय बदलून, टोपली विणावयास कामट्या किती लागतात, असें विचारलें. बाप सावरून बसला. केवढ्या तोंडाच्या टोपलीस किती कामट्या, दुप्पट तोंड केलें तर किती, एका बांबूंतून किती निघतात, हें त्यानें वितीनें मोजून दाखविलें. तो अडला कीं मुलगा शेजारीं येऊन तें मराठींत सांगूं लागला. वर्षभर वर्गांत तोंड न उघडणारा तो हाच मुलगा! दुसऱ्या दिवशीं फळ्यावर टोपल्यांचींच गणितें होतीं.

तेव्हां अशा आईबापांस सांगावयाचें तें थोडकेंच आहे. आपल्याच भाषेंत मुलाशीं भरपूर बोला. शाळेंत आज काय झालें तें रोज रात्रीं त्याच्याकडून ऐका. वही वाचतां आली नाहीं तरी उघडून दाखवावयास सांगा. बाजारांतला हिशोब त्याच्याकडून करवा. आणि कापूस वेचणीच्या दिवसांत त्याला, किंवा धाकट्यास सांभाळावयास त्याच्या बहिणीला, घरीं ठेवूं नका. या शेवटच्या गोष्टींत नुसता उपदेश पुरत नाहीं, हेंहि खरें. वेचणीची मजुरी वजनावर मिळते, आणि दोन लहान हातांचा कापूसहि त्या वजनांत धरला जातो. ज्यांच्या शेतावर ही वेचणी चालते अशीं घरें या मासिकाच्या वाचकांतहि असतील.

शाळेकडे याहून मोठें काम आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें शाळा व्यवस्थापन समितींत तीन चतुर्थांश सभासद पालक असावेत, निम्म्या स्त्रिया असाव्यात, आणि शक्य तेथवर मातृभाषेंतून शिकवावें असें सांगितलें आहे. परंतु भर दुपारीं भरलेल्या बैठकीस शेतमजूर बाई येते ती दिवसाची मजुरी बुडवून. मराठींत वाचलेला ठराव ऐकते, सही किंवा अंगठा देते व परत जाते. हीच बैठक सायंकाळीं पोडावर, दोन्ही भाषा जाणणाऱ्या एखाद्या तरुणास जवळ बसवून घेतां येईल. वेचणीच्या दिवसांत तेंहि न जमल्यास ती आठवड्याच्या बाजाराच्या दिवशीं ठेवावी. त्या दिवशीं बहुतेक मजूर कामास जात नाहींत.