वेणीचे बळ गुंफणीत

संस्कृतात ‘वेणी’ हा शब्द जसा गुंफलेल्या केसांना लावतात, तसाच तो नदीच्या प्रवाहालाही लावतात. प्रयागच्या संगमास त्रिवेणी म्हणतात ते यामुळेच. हे नाव देणाऱ्याची दृष्टी मार्मिक म्हटली पाहिजे. कारण तीन प्रवाह एकत्र वाहू लागले म्हणजे त्यांना बांधून ठेवावे लागत नाही, ते एकमेकांत मिसळूनच पुढे जातात. वेणीचेही तसेच आहे. तथापि सकाळच्या घाईत घरोघरी जी वेणी घातली जाते, तीत गुंफणीपेक्षा ओढीवरच भर असतो. केस जितके ताणून बांधावे तितकी वेणी टिकाऊ, असा समज सुशिक्षित घरांतूनही आढळतो. हा समज चुकीचा आहे. इतकेच नव्हे, तर केसांना घातकही आहे.

वेणीचे बळ कशात असते हे वऱ्हाडाला तरी निराळे सांगावयास नको. अकोला आणि अमरावती ही कापसाच्या मुलुखातील शहरे. कापसाचा सुटा तंतू दोन बोटांत धरला की सहज तुटतो. त्याच तंतूंना पीळ दिला की सूत होते, आणि सुताचे पेड एकमेकांत घातले की दोर होतो. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, ही म्हण हटवादी माणसासाठी वापरतात खरी. परंतु तिच्यात दोराचे सारे शास्त्र आले आहे. वेणीत प्रत्येक पेड आळीपाळीने वर येतो व खाली जातो. वर असताना तो शेजारच्या पेडास दाबतो, आणि पुढच्याच वळणावर स्वतः दाबला जातो. या परस्परांच्या दाबाने केस जागच्या जागी राहतात. वेणी सुटते ती बहुधा सैल घातल्यामुळे नव्हे, तर पेड कमीजास्त जाडीचे घेतल्यामुळे सुटते. मुळाशी कितीही ताण दिला तरी तो ताण गुंफणीला मिळत नाही. तो केवळ त्वचेला सोसावा लागतो.

केशरचनेची कला या प्रांताला नवी नाही. वऱ्हाड हा प्राचीन विदर्भाचा भाग. रुक्मिणीचे माहेर म्हणून प्रसिद्ध असलेले वर्धाकाठचे कौंडिण्यपूर अमरावती जिल्ह्यातच आहे. १९९८ पर्यंत अकोला जिल्ह्यात असलेले वाशीम म्हणजे पूर्वीचे वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. या शाखेतील हरिषेण राजाच्या काळी, पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात, अजिंठ्याची अनेक लेणी खोदली व रंगविली गेली; १६ क्रमांकाचे लेणे तर त्याचा मंत्री वराहदेव याने करविले. या भिंतींवरील स्त्रियांच्या केशरचना निरखून पाहण्यासारख्या आहेत. कोठे मानेवर विसावलेला अंबाडा आहे, कोठे केसांत फुले व मोत्यांचे सर गुंफले आहेत, तर कोठे कपाळावर कुरळ्या बटा मुद्दाम मोकळ्या सोडल्या आहेत. अमरकोशातही वेणी, कबरी, धम्मिल्ल असे निरनिराळ्या रचनांना निरनिराळे शब्द दिले आहेत. ज्या समाजाने एका डोक्याच्या केसांसाठी इतके शब्द घडविले, त्याने त्या कलेकडे किती बारकाईने पाहिले असेल याची कल्पना करता येते.

आता प्रत्यक्ष केसांकडे वळू. माणसाच्या डोक्यावर सरासरी एक लाखाच्या आसपास केस असतात, आणि त्यांपैकी दररोज ५० ते १०० गळणे स्वाभाविक आहे. केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो. म्हणजे ६० सेंटिमीटर लांबीच्या वेणीचे टोक सुमारे पाच वर्षांपूर्वी मुळाशी होते. पाच उन्हाळे सोसलेल्या त्या टोकाला मुळापेक्षा अधिक जपले पाहिजे, हे उघड आहे. वैशाखात अकोल्याचा पारा ४४-४५ अंशांवर जातो. हवा कोरडी, ऊन प्रखर. अशा हवेत मोकळे केस लवकर रुक्ष होतात व गुंततात. वेणी ही वऱ्हाडी उन्हाळ्यात केवळ शोभेची वस्तू राहत नाही, ती केसांचे रक्षणही करते.

वेणी घालण्यापूर्वीची तयारी थोडी, परंतु महत्त्वाची आहे. न्हाल्यानंतर केस पूर्ण वाळू द्यावेत. ओला केस कोरड्यापेक्षा दुबळा असतो; तो ताणला असता लांबतो व तुटतो. तेलाचा हात अगदी हलका असावा, आणि तो विशेषतः टोकांना लावावा. रुंद दातांच्या फणीने प्रथम टोकांचा गुंता काढावा, मग मधला, आणि शेवटी मुळापासून फणी फिरवावी. वरून खाली ओढत गेल्यास सर्व गुंता टोकाशी गोळा होतो व तेथेच केस तुटतात. भांग रोज एकाच जागी पाडू नये; आठवड्यातून एकदोनदा तो बोटभर सरकवावा, म्हणजे एकाच रेषेवर ताण पडत नाही.

सर्व रचनांचा पाया तीनपेडी वेणी हाच होय. तीन पेड सारखे करून उजवा मधल्यावर, मग डावा मधल्यावर, असे आळीपाळीने घालीत जावे. हात केसांना खाली ओढणारा नसावा. पेड नुसता जागेवर बसविणारा असावा. हीच वेणी टाळूपासून सुरू केली की सागरवेणी होते. कपाळामागचे थोडेच केस घेऊन त्यांचे तीन पेड करावेत, आणि पुढे काठचा पेड मध्ये आणताना दर वेळी त्या बाजूची एक बारीक बट त्यात मिसळावी. पेड एकमेकांच्या वरून नेले तर वेणी केसांत बुडाल्यासारखी दिसते. खालून नेले तर ती डोक्यावर उठून दिसते. एवढ्या एका फरकाने दोन निराळ्या रचना हाती येतात.

खजूरवेणी दिसावयास अवघड, पण करावयास सोपी आहे. केसांचे दोनच भाग करावेत. उजव्या भागाच्या बाहेरच्या काठाची बारीक बट घेऊन ती वरून डाव्या भागाच्या आतल्या बाजूस मिळवावी. मग डावीकडची बट तशीच उजवीकडे न्यावी. बट जितकी बारीक, तितकी वीण खजुराच्या पानासारखी नाजूक येते. हिला वेळ मात्र लागतो. म्हणून ती हळदीकुंकवाच्या किंवा लग्नाच्या दिवसासाठी ठेवावी.

ज्यांच्या बोटांना सवय झाली आहे त्यांनी चारपेडी वेणी करून पाहावी. डावीकडच्या टोकाचा पेड दुसऱ्याच्या वरून, तिसऱ्याच्या खालून व चौथ्याच्या वरून उजव्या टोकाला न्यावा. मग जो पेड नव्याने डाव्या टोकाला आला असेल त्याचे तसेच करावे. पाचपेडीत काठचा पेड शेजारच्याच्या खालून व मधल्याच्या वरून आणून मध्यभागी बसवावा, एकदा उजवीकडून व एकदा डावीकडून. ही वेणी रुंद व चपटी होते. तिची वीण बाजेच्या पट्टीसारखी दिसते.

पिळाची वेणी ही तर दोर वळण्याचीच कृती आहे. केसांचे दोन भाग करून दोन्हींना उजवीकडे पीळ द्यावा, आणि मग ते दोन पिळलेले पेड एकमेकांभोवती डावीकडे गुंडाळावेत. प्रत्येक पेड आपला पीळ उलगडू पाहतो, आणि त्या धडपडीत दुसऱ्यास अधिकच घट्ट धरतो. दोन्ही पीळ एकाच दिशेने दिले तर वेणी हातातून सुटताच उलगडते. दोन विरुद्ध ओढींच्या मेळातून स्थैर्य येते, याचे इतके सोपे प्रात्यक्षिक क्वचितच सापडेल.

उन्हाळ्यात मान मोकळी ठेवावयाची असेल तर मुकुटवेणी उत्तम. दोन कानांमागे दोन तीनपेडी वेण्या घालून त्या डोक्यावरून पट्ट्यासारख्या आणाव्यात, आणि त्यांची टोके समोरच्या कानामागे वेणीखाली दडवून आकड्यांनी बसवावीत. अमरावती-अकोल्याच्या मुली दुचाकीवरून महाविद्यालयात जाताना उन्हापासून बचाव म्हणून डोके व तोंड ओढणीने गुंडाळतात. त्यांना उंच अंबाडा गैरसोयीचा होतो. मानेपासून सुरू झालेली सैल वेणी ओढणीखालीही शाबूत राहते.

केस विरळ असतील तर निराश होण्याचे कारण नाही. वेणी पूर्ण झाल्यावर टोक एका हाती धरावे व प्रत्येक पेडाची कड दुसऱ्या हाताच्या बोटांनी अलगद बाहेर काढावी. वेणी दुप्पट रुंद दिसू लागते, आणि मुळावरचा ताणही उतरतो. गंगावन लावावयाचे झाल्यास ते हलके असावे, व ते टाळूशी न बांधता मानेजवळ पेडांत मिसळावे.

अलंकारांचा विचारही याच दृष्टीने करावा. राखडी, मूद, केवडा, चंद्रकोर, गुलाबाचे फूल, वेणीच्या टोकाचे गोंडे, असा मोठा परिवार जुन्या पेट्यांतून आजही सापडतो. सोन्याचांदीचा जड दागिना एका बटेत अडकवू नये. तो अंबाड्याच्या किंवा वेणीच्या जाड भागावर बसवावा, म्हणजे त्याचा भार पुष्कळ केसांत वाटला जातो. पूर्वी वेणीच्या टोकाला आगवळ बांधीत. तेथे आजकाल रबर आले आहे. परंतु उघडे रबर केसाला चिकटते व काढताना तो तोडते. त्याऐवजी रंगीत सुती दोऱ्याची नाडी तिसऱ्या पेडासोबत वेणीत घालून शेवटी तिनेच गाठ मारावी. वीण खुलते, रबराची गरज उरत नाही, आणि कापसाच्या मुलुखात हा अलंकार जवळजवळ फुकट मिळतो. फुलांत उन्हाळ्यात मोगरा, पावसाळ्यात जाईजुई, पुढे थंडीत शेवंती असा क्रम ठेवता येतो. भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाईची गाणी म्हणत फिरणाऱ्या मुलींच्या वेण्यांना अशी फुले शोभून दिसतात. मोगऱ्याच्या कळ्या दोऱ्याने वेणीवर टाचून वाडी भरली, तर दुसऱ्या कोणत्याच दागिन्याची उणीव भासत नाही.

शेवटी मुख्य मुद्द्याकडे परत येणे आवश्यक आहे. ग्रीनलंडमधील स्त्रिया केस वर ओढून घट्ट बांधीत, आणि त्यांच्या कपाळाच्या कडेचे केस नाहीसे होत. १९०७ मध्ये याचे वर्णन वैद्यकीय वाङ्मयात प्रथम आले. आज हा विकार साऱ्या जगातील डॉक्टरांस परिचित आहे. अनेक शाळांतून दोन घट्ट वेण्या, त्यांची घडी व वर रिबिनी असा नियम असतो. सकाळी सात वाजता ताणलेले ते केस संध्याकाळपर्यंत तसेच राहतात, आणि हे दहा वर्षे चालते. कानशिलाजवळ केस तुटके व विरळ दिसू लागणे, मुळाशी बारीक पुटकुळ्या येणे, वेणी घातल्यावर डोके दुखणे, या पहिल्या सूचना होत. या अवस्थेत ताण थांबविला तर केस परत येतात. वर्षानुवर्षे दुर्लक्ष केले तर मुळे कायमची नष्ट होतात, आणि मग कोणतेही तेल उपयोगी पडत नाही.

पारख अगदी सोपी आहे. वेणी घातल्यावर मुलीला भुवया उंचावण्यास सांगावे. कपाळाची कातडी ओढल्यासारखी वाटली, तर वेणी सोडून पुन्हा घालावी. दोन वेण्यांचा नियम सैल वेण्यांनीही पाळता येतो. पेड मात्र सारखे हवेत. शाळेतून आल्यावर वेणी सोडून बोटांनी डोके हलकेच चोळावे, आणि रात्री निजताना एकच सैल वेणी ठेवावी. हे काम आईनेच करावे असेही नाही. वडिलांच्या, भावाच्या किंवा आजोबांच्या हातांना तीन पेड सारखे करणे अवघड जाऊ नये. वेणी घालणारा हात ज्या दिवशी ओढणे सोडून गुंफू लागेल, त्या दिवसापासून सकाळच्या वेणीफणीतली मुलींची रडारड थांबेल, आणि केसही राहतील.