ड्रम सीडर घ्यायचा, तर निंदणाचं आधी ठरवा



मागच्या बैठकीत एका ताईंनी विचारलं, "माझ्या माहेरी, मूलकडे, एकटा माणूस गाडी ओढत धान पेरतो. आपल्या गटानं तशी गाडी का घेऊ नये?" त्यांना तिथं नीट उत्तर देता आलं नाही, म्हणून इथं लिहिते.

पहिलीच गोष्ट, आपल्या मारेगावच्या काळ्या रानात कपाशी-सोयाबीनला हे यंत्र चालत नाही. ते चिखलाचं आहे. ज्यांच्याकडे धानाची बांधी आहे, किंवा ज्यांचं माहेर चंद्रपूर, भंडारा, गोंदियाकडे आहे, त्यांच्या कामाचं.

याला ड्रम सीडर म्हणतात. दोन बाजूंना दोन चाकं, मधल्या दांड्यावर प्लास्टिकचे चार ड्रम. प्रत्येक ड्रमला भोकांच्या दोन रांगा. ओढत गेलं की ड्रम फिरतात आणि एका फेरीत बियाण्याच्या आठ ओळी पडतात. दोन ओळींत २० सेंटीमीटर, म्हणजे एक वीतभर अंतर. डिझेल लागत नाही. एकरी १०-१२ किलो बी पुरतं. पऱ्हे टाकायचे नाहीत, उपटायचे नाहीत, वाकून रोवायचे नाहीत. पीकही आठवडाभर लवकर निघतं, कारण रोप उपटल्यावर त्याला बसणारा झटका इथं बसतच नाही.

बी २४ तास भिजवा, मग ओल्या पोत्यात दाबून ठेवा. मोड नुसता दिसायला लागला की पेरा. मोड लांबला तर तो भोकात अडकतो, तुटतो. ड्रम काठोकाठ भरू नका, दोन तृतीयांशच भरा, नाहीतर बी आत फिरत नाही. बांधी एकसारखी सपाट हवी आणि चिखल थोडा बसलेला हवा. पाणी काढून टाका. खोलगट जागी पाणी साचलं तर तिथलं बी कुजतं. पेरल्यावर लगेच जोराचा पाऊस आला तर बी वाहून जातं, त्यावर इलाज नाही.

आता खरी अडचण. रोवणीत रोप २०-२५ दिवसांचं असतं, तण मागून येतं. इथं धान आणि तण एकाच वेळी उगवतात. म्हणजे रोवणीत वाचलेली कंबर निंदणात मोडते, आणि निंदायला कोण जातं हे मी सांगायला नको! पण ओळीत पेरलं असल्यानं मधून कोनोवीडर ढकलता येतो. म्हणून माझं मत, नुसता सीडर घेऊ नका. दोन्ही घ्या, नाहीतर थांबा.

मजुरीचाही विचार करा. रोवणी हीच काही तायांची पावसाळ्यातली कमाई असते. यंत्र एखाद्या मोठ्या शेतकऱ्याकडे गेलं तर ती मजुरी बुडाली. गटाकडे असलं तर भाडं तरी गटात येतं. आणि ओढणं हलकं समजू नका. आठ ओळींची फेरी सुमारे दीड मीटर रुंद, म्हणजे एका एकराला चिखलातून अडीच किलोमीटर चालणं.

ठराव लिहिण्याआधी सिंदेवाहीच्या कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करा. घेताना मोड आलेलं बी सोबत न्या, ड्रममध्ये भरा आणि ताडपत्रीवर ओढून पाहा. आठही ओळींत बी पडायला हवं.